नववं कलम

भिंतीस खिळे ठोकणार नाही.
दिसल्यास भोकामागे पाचशे, डिपॉझिटमधून.
पडवळांनी ते कलम वाचून दाखवलं
चष्मा कपाळावर ठेवून,
म्हणजे पाठच होतं.

भांडुपला हेच. त्याआधी नाहूरला
सेलोटेपलाही मनाई.
आठ वर्षांत सहा खोल्या,
आणि प्रत्येक खोलीत आमच्याकडे बघत बसलेल्या
चार कोऱ्या भिंती.

विक्रोळीच्या या खोलीत मात्र एक खिळा निघाला.
आधीच्या कुणाचा.
खाली रंगाचा फिका चौकोन:
कुणाचा तरी फोटो असणार,
हार घातलेला की नुसताच
ते रंग सांगत नाही.

त्याच आठवड्यात कॅरमचा प्लाय फुगून निघाला.
चौकट शिल्लक.
दिगंबर म्हणाला, भंगारवाला वीस देईल.
मी म्हटलं, वीस मी देते.
दिले.

मग त्या चौकटीत खिळे ठोकले.
वर बेचाळीस, खाली बेचाळीस,
सहा खोल्यांचे राहून गेलेले सगळे.
समोरच्या तांडेलबाई दार ढकलून बघून गेल्या,
एवढं काय ठोकतेय ही.

ताणा सुतळीचा,
मिठाईच्या खोक्यांवरची, गाठी मारून मारून जोडलेली.
बाण्याला घरात जे जे लांब होतं ते.
परकराच्या नाड्या, फॉलची कात्रणं,
बंद पडलेल्या इअरफोनची वायर
(ती शर्विलने आपण होऊन आणून दिली,
आधी दोनदा कानात घालून बघून).
जे लांब नव्हतं ते कापून लांब केलं:
दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, गोल गोल कापत गेलं
की तिची दोरी होते.
दिगंबरच्या बुडालेल्या कंपनीचा टी-शर्ट
तसाच कापला, तर चाळीस हात निघाला.
एवढी लांब नव्हती ती नोकरी.

एक वर, एक खाली. एक वर, एक खाली.
भाजी शिजेपर्यंत दोन ओळी.
दाबून बसवायला काटा,
काट्याचमच्यातला,
लग्नात आलेला आणि कुणाच्याही तोंडात न गेलेला.

मधेच कडा आत ओढल्या गेल्या.
कापडाला कंबर आली.
प्रत्येक ओळ मी ताणून धरत होते,
निसटेल म्हणून.
उसवलं नाही. राहू दे.
धागा किती सैल सोडायचा
ते पुढच्या वीतभरात हाताला कळलं,
तिथून कडा परत बाहेर येतात.

वरची चार बोटं रिकामी होती
तरी टांगलं,
त्या एका खिळ्यावर.
फिका चौकोन मागे गेला.
जो कोण तिथे होता
तो अजून असेलच, आमच्या नाड्यांच्या आड.

अकराव्या महिन्यात पडवळ खोली बघायला आले.
नळ सोडून पाहिला, खिडकीच्या कड्या,
मग चौकट उचलून मागे डोकावले,
भोकं शोधत.
मागे नुसत्या गाठी, शेपट्या, टोकं.
खिळा एकच. त्यांचाच.
पुन्हा समोर आले. दुधाच्या निळ्या पट्टीवर
बोट फिरवलं.
कुठून घेतलं? हजाराच्या खाली नसेल.
म्हटलं, वीसचा कॅरम आणि चाळीसचे खिळे.
त्यांना चेष्टा वाटली.
दारात चपला घालता घालता म्हणाले,
जाताना ठेवून जा हवं तर, डिपॉझिटमध्ये बघू.

जेवणं झाल्यावर पत्र्याच्या डब्यातून
सहाही करार काढले.
मुदत संपलेले, नीट घडी घातलेले,
कशासाठी जपले होते कोण जाणे.
बोटभर रुंद पट्ट्या कापल्या,
पिळल्या नाहीत, सपाटच घातल्या,
एक वर, एक खाली,
वरची चार बोटं भरेपर्यंत.

जवळ गेलं तर वाचता येतं.
सदर खोलीचा. उभयपक्षी. मुदत संप.
शर्विल स्टुलावर चढून
एकेक तुकडा लावत होता,
एका जागी थांबला.
तिथे सुतळी नेमकी शेवटच्या अक्षरावरून गेली आहे.
त्याने मोठ्याने वाचलं,
जसं दिसत होतं तसं:
भिंतीस खिळे ठोकणार ना?